गालावरची वस्ती

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्याला तोंड लपवायला जागा नसते. कानामागे फ्रेम नीट बसवताना गिऱ्हाइकाचा चेहरा वीतभर अंतरावर येतो. चिमणीच्या गालांवर मुरमं उठली, तेव्हा तिथल्या तिच्या नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते.

मैत्रिणीने स्वतःची उरलेली ट्यूब दिली. अँटिबायोटिक जेल. महिन्याभरात चेहरा असा निवळला की चिमणी हरखून गेली. मग ती स्वतःच परस्पर तशी ट्यूब विकत आणू लागली. दाणा दिसला की टिपका लावायचा, बसला की बंद. वर्ष होत आलं आणि मुरमं परत आली, ती ठाण मांडूनच. तिने थर जाड केला. ढिम्म फरक नाही.

तिची मावशी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जंतू तपासायची. घरी आली असताना तिने ट्यूब उलटसुलट करून वाचली.

"हे एकटंच लावतेस? डॉक्टरांना न विचारता?"

चिमणीने खाली बघत मान डोलावली.

"उद्या माझ्याकडे ये. उपचाराला जंतूंच्या तपासणीची गरज नाही, पण तुला एकदा दाखवायचंय."

मावशीने तिच्या गालावरून कापसाची काडी फिरवली. जंतू वाढवण्याची मधली सगळी कामं उरकून तीन दिवसांनी तिला पुन्हा बोलावलं आणि खिडकीपाशी एक चपटी बशी धरली. बशीत दुधाळ साय पसरली होती आणि तिच्यावर कागदाच्या सहा इवल्या चकत्या होत्या.

"प्रत्येक चकतीत वेगळं औषध. ही साय म्हणजे तुझ्या गालावरचे जंतू."

पाच चकत्यांभोवती स्वच्छ गोल उमटले होते, चंद्राला खळं पडावं तसे. सहावीला खळं नव्हतं. साय थेट तिच्या काठाला भिडली होती.

"सहावी माझ्या ट्यूबची?"

"हो. जे तग धरून राहिले, त्यांचीच ही पिलावळ. हे गालावर कायम असणारे साधे जंतू, पण मुरमांच्या जंतूंचंही असंच होतं. वर्षभर धरसोड करून तूच त्यांना तालमीत घातलंस."

झाकणावर वाफ धरू नये म्हणून चिमणीने श्वास रोखला होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी तिच्याच कातडीवर राहून एक अख्खं औषध पचवलं होतं. तिला भीती वाटायला हवी होती, पण तिची नजर हटेना.

मग चिमणी त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी ट्यूब बाजूला ठेवली. "अँटिबायोटिकला सध्या सुट्टी. हे बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल लावा. याला जंतू सरावत नाहीत. आधी एक दिवसाआड, पातळ, मुरमं येतात त्या सगळ्या भागावर. डोळे आणि ओठ टाळा. टॉवेलचा रंग उडेल."

"आणि पुढे कधी अँटिबायोटिक लागलंच तर?"

"तर याच्या जोडीने, नेमाने, आणि तीन महिन्यांच्या वर नाही. एकटं कधीच नाही."

पहिले पंधरा दिवस गाल कोरडे पडून सोलले. निळ्या उशीवर पांढरे डाग पडले. पाचव्या आठवड्यात नवी मुरमं कमी झाली, बाराव्यात उरल्या फक्त फिकट खुणा.

तपासणीच्या दिवशी तिने हळूच विचारलं, "मग गेले का ते सगळे जंतू?"

"छे. आणि जाऊही नयेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यातले बरेचसे तुमची राखण करतात."

बाहेर पडताना चिमणीने गालाला हात लावला, अगदी हलका, आत कुणीतरी झोपलं असावं तसा.