उपाशी ठेवायच्या पेशी

प्रयोगशाळेत मी पेशी उपाशी ठेवायचं काम करतो. पगार बरा आहे.

कोवळ्या स्नायूपेशींना सीरम घातलेला पोषक द्रव दिला की त्या नुसत्या वाढत राहतात. एकीच्या दोन, दोघींच्या चार. स्नायू व्हायचं कोणी नाव काढत नाही. सीरम बंद केलं की वाढीची जनुकं हळूहळू गप्प होतात आणि स्नायूची जनुकं बोलू लागतात. मग पेशी एकमेकींना जोडून लांब धागे होतात आणि एके दिवशी ते आपसूक फडफडतात. त्यासाठी नवं जनुक कुठून आणावं लागत नाही. सगळी पहिल्यापासून प्रत्येकीच्या पोटात असतातच. कुठलं कधी चालू व्हायचं, एवढाच प्रश्न. त्यातलं एक चालू झालं की पेशी हिरवी चमकेल, अशी आम्ही सोय करून ठेवली आहे.

शुक्रवारी सीरम बंद करून गेलो होतो. सोमवारी बघतो तर डिशमध्ये ही गर्दी, आणि हिरवं नावालाही नाही. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना आम्ही अन्नदाते म्हणतो. ते हळूच म्हणाले, "काल आलो होतो. बिचाऱ्या सुकलेल्या दिसल्या. म्हटलं, द्यावं थोडं सीरम."

"थोडं?"

"पोटभर."

देवमाणूस आहेत. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

घरी जेवताना मी आईपुढे सगळी मळमळ ओकली. घरात आम्ही दोघंच. मी पस्तिशीला टेकलोय, तरी आई माझं 'पुरे' ऐकत नाही, ताट बघून वाढते. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेने मला स्वतःची प्रयोगशाळा देऊ केली होती आणि पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. 'आई एकटी कशी राहील?' असं मी सगळ्यांना सांगत होतो, आईलासुद्धा. त्यावर तिने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"म्हणजे दूध तोडायचं," पेशींचं ऐकून ती म्हणाली.

"तसंच समज."

"आणि नाही तोडलं तर?"

"मरेपर्यंत बाळं. संख्येला तोटा नाही, उपयोग शून्य."

"मग वाढणारीने काय करायचं?"

"हात बांधून बसायचं."

"ते अवघड," आई म्हणाली आणि उचललेला डाव तिने पातेल्यात परत ठेवला. मला आणखी हवं होतं, पण मागायची हिंमत झाली नाही.

मंगळवारी मी सीरम पुन्हा बंद केलं. येणारा रविवार लक्षात घेऊन झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमची जेवणं झाली आहेत.'

सोमवारी डिशभर हिरवे धागे होते. कोपऱ्यातला एक चक्क फडफडत होता. मला इतका आनंद झाला की मी अन्नदात्यांनाही बोलावून दाखवला.

दुपारी डबा उघडला. रिकामा. घासून, पुसून, कोरडा केलेला. आई विसरायला लागली की काय? लगेच फोन लावला.

"आई, डबा रिकामा आहे."

"माहितीये."

"विसरलीस?"

"काही विसरले नाही. सकाळपासून हात नुसते शिवशिवत होते." मग म्हणाली, "त्या लोकांना कळवलंस?"

"अजून नाही. तू एकटी कशी..."

"मी कशी राहीन ते मी बघेन. तू कसा राहशील, त्याची तुला भीती वाटते. उगाच माझं नाव पुढे करू नकोस."

ते खरं होतं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त रडू आलं.

"कळवतो," मी म्हणालो.

"काहीतरी खाऊन घे म्हणणार होते," ती म्हणाली. "पण नाही म्हणत." आणि तिने फोन ठेवला.

अन्नदात्यांनी काही न विचारता आपला अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. मी तो तसाच बाजूला ठेवला आणि आधी होकार लिहायला बसलो.