जावयाचा टँकर

"बाजू नीट चोपडा रे! जनरलसाहेब टायरवर बोट फिरवत नाहीत, लांबून बघतात," सुभेदार प्रोखोर गेरासिमोविच ल्यादोव ओरडला, आणि शिपायांनी बादलीतल्या काळ्या रबडीत पुन्हा चिंध्या बुडवल्या.

बादलीत इंजिनातून काढलेलं जुनं तेल होतं आणि त्यात कालवलेली काजळी. मोटारतळावर ओळीने उभ्या असलेल्या लष्करी ट्रकांचे आणि इंधनाच्या टँकरांचे टायर प्रत्येक पाहणीच्या आधी असे काळे केले जात. ल्यादोवच्या आधीचा सुभेदारही करायचा, त्याच्या आधीचाही. या तेलाने रबर कुजतं हे छावणीत सगळ्यांना माहीत होतं. चकाकतं, हेही माहीत होतं. पाहणीला येणारे चकाकीला गुण देत. कुजण्याला गुण द्यायची पद्धत नव्हती.

तशी या गाड्यांची काळजी घेण्याची उत्तम व्यवस्था होती. महिन्यातून एकदा प्रत्येक गाडी सुरू करायची, थोडी फिरवून आणायची, म्हणजे एकाच अंगावर बसून आणि एकाच बाजूने ऊन खाऊन टायर म्हातारे होत नाहीत. त्यासाठी वेगळं डिझेल येई. गाड्या हलत नसत, डिझेल मात्र न चुकता हले. ते कुठे जातं, असं कर्नल बुरेनिनने ल्यादोवला कधी विचारलं नव्हतं; आणि कर्नलच्या नदीकाठच्या बंगल्यात भर थंडीत खिडक्या उघड्या ठेवण्याइतकी ऊब कशी, असं ल्यादोवने कर्नलला विचारलं नव्हतं. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच इतकी वर्षं कामं सुरळीत चालली होती.

कर्नल बर्फ तुडवत आला.

"ल्यादोव, सराव आहे. सरहद्दीकडे. पाहणी झाली की गाड्या निघतील."

"कुठल्या कुठल्या?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे... चालणाऱ्या?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या!" कर्नलने घसा खाकरला. "ओढगाड्या किती आहेत आपल्याकडे?"

"दोन, कॉम्रेड कर्नल. पण एक दुसरीला ओढते."

"मग वाटेत काही बंद पडू देऊ नका."

"तसा हुकूम देतो," ल्यादोव म्हणाला. "आणि न्हाणीचा तंबू कुठल्या ट्रकमध्ये चढवू?"

प्रत्येक सरावाला सगळ्यात आधी जनरलची वाफेची न्हाणी चढे: तंबू, शेगडी, तापवायचे दगड, अंगावर झोडायला बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या. एका वर्षी तोफगोळे मागे राहिले होते, पण डहाळ्या वेळेवर पोचल्या होत्या. त्या सरावात कोणालाही शिक्षा झाली नव्हती.

कर्नल आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिला. "या खेपेला न्हाणी नको," तो म्हणाला आणि निघून गेला.

टीव्हीवर सराव म्हणत होते, कागदावर सराव होता, शिपाई घरी सराव म्हणून सांगत होते. यांतल्या कशाचाच ल्यादोवने आजवर बारीक विचार केला नव्हता. पण न्हाणीशिवाय जनरल? म्हणजे एक तर जनरल जाणार नव्हता, किंवा हा सराव नव्हता. की दोन्ही?

घरी जेवणाच्या टेबलावर जावई ग्लेब भलताच खुशीत होता. तो टँकर चालवायचा. दोन खोल्यांच्या त्या लष्करी घरात ल्यादोव, त्याची मुलगी रिम्मा आणि हा ग्लेब, अशी तिघं राहत. ल्यादोवची बायको वारल्यापासून घरात उलटतपासणीचं काम रिम्माकडे आलं होतं.

"आठवडाभर तंबूत झोपायचं, डबाबंद मटण खायचं, परत यायचं," ग्लेब म्हणाला. "भत्ता वेगळा."

"बाबा, तुम्ही गप्प का?" रिम्माने विचारलं.

"जेवतोय."

"जेवताना तुम्ही बोलता. गप्प असता तेव्हा काहीतरी विकलेलं असतं."

"कोबीचं सूप चांगलं झालंय."

"सुपाचं सोडा. याचा टँकर धड आहे ना? तळावर तुम्हीच असता दिवसभर, म्हणून विचारते."

"आहे की."

"आईची शपथ घ्या."

ल्यादोवने मीठ मागितलं.

टँकर अजिबात धड नव्हता. म्हणजे बाकीच्यांसारखाच होता. टायरची नक्षी नवीकोरी, कारण गाडी कधी चाललीच नव्हती. पण बाजूला नखाने दाबलं की बारीक भेगा तोंड उघडायच्या. डांबरी रस्त्यावर ते टायर जातील. रस्ता सोडून चिखलात उतरलं आणि रुतू नये म्हणून हवा कमी केली की मात्र उलणार. आता बर्फ वितळायचे दिवस जवळ आले होते. त्या भागात तेव्हा रस्त्याखेरीज सगळा चिखलच असतो.

मागच्या गोदामात, बटाट्यांच्या पोत्यांआड, नव्या टायरांचा एक पूर्ण जोड होता. नदीपलीकडच्या एका लाकूडवाल्याशी त्याचं बोलणं झालेलं होतं. असे जोड दरवर्षी येत आणि दरवर्षी लाकूड ओढायला जात. हा एक अजून गेला नव्हता, इतकंच.

शनिवारी सगळी तुकडी अंघोळीला जाते. छावणीत तो एक तास असा असतो की रणगाडा पळवून नेला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण बघणारे सगळे उघडे असतात. त्या तासाला ल्यादोवने ग्लेबला तळावर बोलावलं. जॅक लावून ठेवला होता.

ग्लेबने टायरांकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. "बाबा, हे कोणाचे?"

"सरकारचे."

"सरकारचे आहेत तर चोरून का बसवतोय?"

"सरकारला कळू नये म्हणून. पाना धर."

ग्लेबने पाना धरला नाही. "उद्या चौकशी झाली तर हे माझ्या गाडीवर सापडतील. तुम्ही म्हणाल, जावयाने चोरले."

"म्हणेन."

"म्हणजे? तोंडावर सांगता?"

"मागून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं का? अरे गाढवा, चोरीच्या चाकांवर तुरुंगात जाशील. त्या चाकांवर कुठे जाशील ते बघ." आणि त्याने उभ्या टँकरच्या टायरवर टाच आपटली. रबराचा एक पापुद्रा सुटून बर्फावर पडला. ग्लेबने मुकाट्याने पाना घेतला.

सगळी चाकं बसल्यावर ग्लेब सवयीने तेलाची बादली घेऊन आला. ल्यादोवने ती लाथेने उलटी केली. "यांना लावायचं नाही."

"मग वेगळे दिसतील."

"ओळीच्या टोकाला उभा कर आणि बर्फ उडव त्यावर. आणि ऐक. तिकडे गेल्यावर सगळ्यांच्या मागे राहा. पुढेपुढे करू नको."

"मागेच राहायचं तर नवे टायर कशाला?"

तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी खोकलं. ओल्या केसांवर टोपी दाबत तिमूर उभा होता. ग्लेबचा दोस्त, शेजारचा टँकर त्याचा.

"गेरासिमोविच, मलाही एक जोड?"

"नाही."

"नाही म्हणजे संपले, की मी जावई नाही म्हणून?"

"दोन्ही."

"तुम्हाला दुसरी मुलगी असती ना, तर आज संध्याकाळी लग्न केलं असतं मी." तिमूर हसला. "घाबरू नका. मी काही बघितलं नाही. डोळ्यांत साबण गेलाय माझ्या."

तो चुगली करेल अशी ल्यादोवची खात्री होती. त्याने केली नाही. हेही ल्यादोवला संशयास्पद वाटलं.

जनरलने पाहणी केली. लांबून. तळाची शिस्त बघून समाधान वाटल्याचं तो म्हणाला, आणि आपल्या गाडीतून, गाड्या जाणार होत्या त्याच्या उलट्या दिशेने, निघून गेला. दुसऱ्या दिवशी सगळा ताफा धूर ओकत फाटकाबाहेर पडला. ग्लेबने खिडकीतून हात काढला. रिम्मा फाटकाशी उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या चाकांकडे बघत होती.

मग सराव नव्हता हे कळलं.

सगळं योजनेप्रमाणे चाललंय, असं टीव्ही सांगत होता. ल्यादोवने आयुष्यभर या लोकांच्या योजना पाहिल्या होत्या, त्यामुळे त्याचा यावर लगेच विश्वास बसला. पोरांचे मोबाइल काढून घेतलेले होते. रिम्मा कामावरून आली की कोट न काढता टीव्हीसमोर बसायची आणि पडद्याच्या कोपऱ्यात एखादा टँकर दिसतो का ते बघायची. पडद्यावर फक्त धड गाड्या दिसत.

एका दुपारी तळावरचा फोन वाजला. आवाज कर्नलचा होता, पण ओळखू येत नव्हता.

"ल्यादोव, टायर पाठव."

"कुठले, कॉम्रेड कर्नल?"

"नवे! दरवर्षी येतात ना नवे?"

"येतात."

"मग?"

पलीकडून नुसता वारा ऐकू येत राहिला. इतकी वर्षं एकमेकांना न विचारलेले सगळे प्रश्न त्या वाऱ्यात होते.

"रस्त्यावरून खाली उतरलो की फाटतात," अखेर कर्नल म्हणाला. "रस्ता आमच्याच बंद गाड्यांनी भरलाय, उतरावं तर लागतंच. ओळच्या ओळ बसलीय. पुढे रणगाडे कोरडे पडलेत, मागे डिझेलने भरलेले टँकर उभे आहेत, आणि मध्ये चिखल आहे."

"सगळ्या बसल्या?"

"एक टँकर सोडून."

फोन ठेवल्यावर ल्यादोव पायऱ्यांवर जाऊन बसला. त्याने टोपी काढली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली होती.

"ग्लेबची गाडी ठीक आहे," त्याने घरी सांगितलं.

"कोण म्हणालं?"

"कर्नल."

"कर्नल कधीपासून खरं बोलायला लागला?" रिम्मा म्हणाली. पण तिने कोट काढला, आणि दोघांसाठी पानं मांडली.

त्यानंतर कोणाचा फोन आला नाही. पुढे एक माणूस आला, त्याने 'बेपत्ता' हा शब्द वापरला, आणि चहा न घेता गेला.

झाडांना पालवी फुटल्यावर तिमूर आला. लंगडत, पण स्वतःच्या पायांवर. सोबत त्याची आई होती, लांबच्या गावाहून आलेली, डोक्याला रुमाल बांधलेली बाई. दारात बूट काढायच्या आधीच तिने ल्यादोवचा हात धरला.

"तुम्हीच ना ते चाकांचे सुभेदार? माझा पोरगा सांगतो, गाडी बसली म्हणून मी राहिलो. तुमच्या सडक्या टायरांनी माझं लेकरू घरी आणलं हो!"

"आई, गप्प बस," तिमूर म्हणाला.

"का गप्प? दुसरं कोणी आभार मानणारे का यांचे?" तिने पिशवीतून मधाची बरणी काढून टेबलावर ठेवली. "आमच्या स्वतःच्या पोळ्यांचा आहे. बसा, मी पाणी उकळते." आणि स्वतःचं घर असल्यासारखी ती स्वयंपाकघरात गेली.

रिम्मा तिमूरसमोर बसली. "सांग."

"काय सांगू, वहिनी."

"होतं ते."

तिमूर टेबलाकडे बघत बोलला. "आम्ही जंगलाच्या कडेला अडकलो होतो. एक मेजर आला. ओळीतून चालत, प्रत्येक चाकाला लाथ मारत. फाटलं, फाटलं, फाटलं. ग्लेबच्या टँकरपाशी थांबला. म्हणाला, हा जाईल पुढे. रणगाड्यांना तेल पाहिजे. ग्लेब म्हणाला, एकटा? मेजर म्हणाला, दुसरा चालणारा दाखव, त्याला पाठवतो बरोबर."

"मग?"

"मग काय. गेला. शेतातून गेला, वहिनी, इतक्या चिखलातून, जणू हमरस्ता आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या." तो थांबला. "संध्याकाळी त्या बाजूला धूर दिसला. मी सगळ्यांना म्हटलं, धुकं असेल. आम्हाला मग चालतच मागे आणलं."

स्वयंपाकघरात किटली खडखडायला लागली होती.

"सगळ्यांची फाटली," रिम्मा सावकाश म्हणाली. "मग त्याच्याच गाडीची कशी धड राहिली?"

तिमूरने ल्यादोवकडे बघितलंही नाही. तो आपल्या तळहातावरची एक रेघ अंगठ्याने घासत बसला. हा पोरगा काही सांगणार नाही, हे ल्यादोवला कळलं. अजूनही नाही. आणि या वेळी त्यात संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं.

"मी बसवली होती," ल्यादोव म्हणाला. "नवी. बाकीच्यांना नाही, त्यालाच."

रिम्माने वडिलांकडे पाहिलं. ती शपथ मागेल, म्हणून तो थांबला. तिने मागितली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याचं म्हणणं आहे तसं खरं मानलं.

तिमूरची आई चहा घेऊन आली. "हे काय, बरणी उघडली नाही अजून कोणी?" तिने स्वतःच झाकण फिरवलं, पावाचा जाड तुकडा कापला, त्यावर मध ओतला आणि बशी टेबलावर ठेवली. "आधी यांना. यांच्यासाठीच आणलाय."

रिम्माने बशी उचलून वडिलांसमोर ठेवली. पावाच्या कडेवरून मध ओघळत होता. ल्यादोवने दोन्ही हातांनी पाव उचलला आणि तो खाऊ लागला. बाई समाधानाने बघत होती. संपेपर्यंत तो थांबला नाही.