बारा नंबरचा बिल्ला

संशोधन करणाऱ्या माणसांना एक खोड असते, त्यांना नावापेक्षा नंबर जवळचा वाटतो. आमच्या ताईलाही ती होती.

शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलांची रोज सकाळी कुणी आपुलकीनं विचारपूस केली, तर ती टिकतात का, हा तिचा विषय. अशा मुलांचे तिनं चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. पहिल्या गटाशी रोज बोलायचं आणि दुसऱ्याकडे, तुलनेसाठी, वर्षभर ढुंकूनही बघायचं नाही. नावं गुप्त राहावीत म्हणून यादी गणिताच्या बाईंकडे ठेवून त्यांच्याच हातून पहिल्या गटाला नंबराचे बिल्ले वाटले होते. मुलांनी बिल्ला दाखवून प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीत यायचं, मोडक्या नकाशांच्या गर्दीत बसायचं आणि मनातलं बोलायचं. ताईनं नाव कधी विचारलं नाही. हजेरीसुद्धा ती वर्षाअखेरीस ऑफिसातून घेणार होती. नियमाला पक्की बाई!

बारा नंबरची मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन दाराशी उभी असायची.

“मावशी म्हणते, शाळेत जाऊन काय दिवे लावणार आहेस? दुकानात बस, काजं-बटणं कर,” ती सांगायची. मावशीचं शिवणाचं आणि सुया-दोऱ्यांचं दुकान होतं आणि आई तिथेच इस्त्री करायची. “आई अजून काही बोलत नाही. पण या वेळी गणितात उडाले, तर तीपण मावशीचंच ऐकणार.”

“मग आज गणिताला बसणार?”

“बसते. नाहीतर उद्या तुम्ही विचाराल.”

ताई खूश होती. बारा नंबर म्हणजे तिच्या प्रबंधाचं सोनं!

एका सकाळी गणिताच्या बाई पुठ्ठे शोधायला त्या खोलीत डोकावल्या आणि दारातच थबकल्या. “अगं, तू इथे? ताई, ही तर तुमच्या दुसऱ्या गटातली. त्या गटाशी बोलायचं नाही असं तुम्हीच ठरवलं होतंत ना? खरी बारा नंबर तर बिल्ला मिळाल्या मिळाल्याच शाळा बदलून गेली.”

मुलगी खाली मान घालून म्हणाली, “जाताना तिनंच मला बिल्ला दिला. म्हणाली, मला आता काय करायचाय, तुला लागेल.”

ताईचा पारा चढला. “माझ्या वर्षभराच्या कामावर पाणी फिरवलंस तू!”

मुलीनं बिल्ला टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, वर्गातही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ताईनं आपल्या मार्गदर्शक सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, “दोन्ही गटांतून काढ तिला, आणि झालं ते जसंच्या तसं लिही. अभ्यास काही बुडत नाही.”

अभ्यास बुडत नव्हता, पण मुलगी बुडत होती. संध्याकाळी ती शिवणाचं दुकान शोधत गेली. दारात उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, की मुलीचं नावच आपल्याला ठाऊक नाही.

“बारा नंबर आहे का?” ती चाचरत म्हणाली.

मावशीनं मशीन थांबवलं. “बाराची सुई संपली. चौदाची चालेल?”

मागे काजं करणारी मुलगी फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. इस्त्री करणारी आई मात्र लगबगीनं पुढे आली. “तुम्हीच ताई ना? घरी रोज तुमचंच पुराण असतं. आज ताईंनी हे विचारलं, आज ते विचारलं. हिला इतकं कुणी विचारलंच नव्हतं हो. तुमचे उपकार कसे फेडायचे?”

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण दिलं ते चिठ्ठीत नाव निघालेल्यांना. या पोरीनं ते हट्टानं मिळवलं होतं.

“उपकार हिचेच आहेत,” ती म्हणाली. मग मुलीकडे वळली. “अभ्यासातून तुला काढून टाकलंय. आता तुझ्याशी बोलायला मला कुणाची आडकाठी नाही. नाव काय गं तुझं?”

मुलीनं नाव सांगितलं. आईनं तिच्या हातातली सुई काढून घेतली. “उद्या येईल ती,” आई म्हणाली. मावशी काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा मशीन चालवू लागली.

सकाळी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी हजर होती. ताईनं तिला नावानं हाक मारली, तशी ती लाजली. पण बसली नाही.

“ताई, माझ्या गटातले बाकीचे बाहेर उभे आहेत. मीच घेऊन आले. त्यांच्याकडे बिल्ला नाही.”

ताईनं व्हरांड्यात पाहिलं. भिंतीला टेकून, दप्तरं कवटाळून, दुसरा अख्खा गट उभा होता. परीक्षा अजून दूर होती. यांना आत घेतलं, की तुलना संपली. तिनं सरांना फोन लावला.

“सर, तुलना कालपर्यंतचीच धरायची. आजपासून दुसरा गटही आत घेतेय.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “बरं. तसंच लिही.”

ताईनं दार सताड उघडलं. पहिला मुलगा बिचकत आत आला आणि उगाचच खिसे चाचपू लागला.

“बिल्ला नको,” ताई म्हणाली. “नाव सांग.”