न आटणारा कॅन

गल्लीत त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, पण औषधाची एक गोळीसुद्धा त्याने कधी कोणाला दिली नव्हती. तो गिझर, किटल्या आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. तिथलं नळाचं पाणी इतकं जड, इतकं क्षाराचं, की त्याच्या दुकानाला मरण नव्हतं. कोणाचाही फोन आला की याचा पहिला प्रश्न ठरलेला: "किटली उघडून बघा, आतून पांढरी झालीय का?" किटली म्हणजे घराची जीभ, ती बघितल्याशिवाय रोग कळत नाही, असं तो छाती फुगवून सांगायचा.

आणि स्वतःच्या घरी? घरी सगळा आनंदीआनंद! शॉवरची निम्मी भोकं क्षाराने बुजलेली. उरलेल्यांतली एक धार अंगावर पडायची आणि दुसरी थेट आरशावर. टॉवेल असे कडक की भिंतीला टेकवले तर उभे राहतील. गिझर तर चालू केला की म्हाताऱ्या माणसासारखा कण्हायचा.

"जगाचे गिझर बरे करतोस, आपला तेवढा मरू दे," बायको म्हणायची.

"रविवारी करतो," हा म्हणायचा. असे किती रविवार आले नि गेले, देव जाणे.

अशा या घरी सासूबाई राहायला आल्या. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात स्वतःची किटली, आणि मागून टॅक्सीवाला धापा टाकत पाण्याचा भलामोठा दुधी रंगाचा कॅन घेऊन.

"हे काय, आई?" डॉक्टरने विचारलं.

"आमच्याकडचं पाणी. मागच्या खेपेला तुमच्या नळाच्या पाण्याचा चहा प्याले होते. वर नुसता तवंग! पुन्हा नाही रे बाबा."

डॉक्टरला विषय मिळाला. त्याने घरची किटली उघडून दाखवली, क्षार कसा बसतो, थर कसा धरतो, यावर लांबलचक व्याख्यान दिलं. सासूबाईंनी आत डोकावून नाक मुरडलं आणि आपली किटली पुढे केली. कितीतरी वर्षांची जुनी, पण आतून लख्ख!

"बघा आणि शिका, जावईबापू."

मग सोफ्यावर टेकून त्यांनी जाहीर करून टाकलं, "हे पाणी आहे तोवर मी आहे. कॅन रिकामा झाला की माझं तिकीट काढायचं. लेकीकडे तळ ठोकून बसणाऱ्यांतली मी नाही."

बायकोचा चेहरा पडला. वडील गेल्यापासून आई तिकडे एकटी. मध्ये बाथरूममध्ये पाय घसरून पडली, तर शेजाऱ्यांना दुपारपर्यंत पत्ता नाही. तेव्हापासून 'इथेच राहा' म्हणून लेकीने तिच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. पण सासूबाईंचा शब्द म्हणजे शब्द. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरलाही त्या हव्या होत्या. त्याची आई तो लहान असतानाच गेलेली. "ओले पाय घेऊन आत येऊ नका," "जेवताना तो फोन ठेवा आधी," असं हक्काने दटावणारं मोठं माणूस घरात आलं होतं, आणि हा पठ्ठ्या वरून कुरकुर करत मनातून सुखावला होता.

पण सासूबाईंना उठल्यापासून झोपेपर्यंत चहा लागायचा. कॅनमधलं पाणी भराभर खाली जायला लागलं, तसा बायकोला घास गिळवेना.

"काहीतरी कर ना रे," ती म्हणाली.

डॉक्टरने डोकं चालवलं. कॅनमध्ये नळाचं पाणी ओतलं तर किटली चुगली करणार, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? दुकानात प्यायला फिल्टरचं पाणी होतं, क्षार काढलेलं. डब्याच्या पिशवीतून तो त्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायचा आणि सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या की गुपचूप कॅनमध्ये रिकाम्या करायचा.

"याला म्हणतात पाणी!" सासूबाई चहाचा घोट घेऊन म्हणायच्या. हा मान खाली घालून बिस्किट चावायचा.

चोरी पचली म्हणायची! पण एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की कॅनमधलं पाणी नुसतं कमी व्हायचं थांबलं नव्हतं, ते चक्क वाढत होतं. त्याने बायकोला गाठलं. "तूही ओततेस का गं?"

"आईशप्पथ नाही," ती म्हणाली. इथे आईची शपथ तिने खोटी घेणं शक्यच नव्हतं.

मग डॉक्टरने धंद्यातला उपाय केला. सासूबाईंची किटली उघडली. आतून पांढरीफटक! फिल्टरच्या पाण्याने असा थर धरत नाही, हे तो झोपेतही सांगेल. म्हणजे कोणीतरी नळाचं पाणी ओतत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लवकर घरी आला. बायको कामावर गेलेली. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. दारातून बघतो तर काय, सासूबाई पदर खोचून, तांब्या भरून कॅनमध्ये ओततायत! वर स्वतःशीच पुटपुटतायत, "पुरे आता. फार नको. डॉक्टर आहे मेला, ओळखेल."

डॉक्टरला आधी हसू आलं आणि मग एकदम भरून आलं. तवंगाला नाक मुरडणारी ही बाई तेच पाणी गोड मानून पीत होती. तिला राहायचं होतं. पण शब्द देऊन बसली होती, आणि तो मागे घ्यायला जीभ रेटत नव्हती.

तो चोरपावलांनी बाहेर गेला, जिन्यात खोकला, चपला आपटल्या आणि बेल वाजवली.

"आज लवकर?" सासूबाईंनी दार उघडलं. पदर ओला होता.

"घरातल्या किटल्या साफ करतो म्हटलं. तुमचीही द्या, आई."

"माझ्या किटलीला हात लावू नका!" त्या केवढ्यांदा तरी ओरडल्या.

"द्या हो. आत न बघता करतो."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी किटली आणून त्याच्या हातात दिली. त्याने व्हिनेगर ओतलं, झाकण लावलं आणि खरंच आत बघितलं नाही.

"आई, तिकिटाचं काय करायचं?" त्याने साळसूदपणे विचारलं.

त्यांनी कॅनकडे नजर टाकली. तो काठोकाठ भरला होता.

"पाणी आहे ना अजून? मग शब्द मोडू का मी?" त्या म्हणाल्या. "आणि जावईबापू, तो गिझर आधी बरा करा. त्याचं कण्हणं जन्मभर ऐकत बसणार नाही मी."

जन्मभर! डॉक्टरने रविवारची वाट बघितली नाही. तो तसाच उठला आणि गिझर खोलायला बसला.