वानगीची मशीन

शामलाने काढलेली अक्षरं गेली, हे मला चंद्रभानच्या दुकानात कळलं. ती स्वतः दिवाळीआधी गेली. तेव्हा लोक घरी आले, रडले. अक्षरांचं कळलं तेव्हा मी एकटा स्टुलावर बसलो होतो आणि बाहेर सीताबर्डीचा बाजार चालू होता.

शामला माझी बायको. धरमपेठेत मुलींचा टायपिंगचा क्लास घ्यायची. पंच्याऐंशी साली आम्ही टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर घेतला. त्यात फक्त इंग्रजी अक्षरं होती. मराठी अक्षरं ती स्वतः बनवायची. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने ठिपके भरायचे, त्यांचे आकडे मशीनमध्ये टाकायचे आणि कॅसेटवर साठवायचे. एक अक्षर झालं की कागद खोडून त्यावरच दुसरं. औषधं सुरू होती तरी तिने हे सोडलं नाही. मुलींना पडद्यावर मराठी शिकवायचं तिच्या मनात होतं.

ती गेल्यावर अक्षरं बघायला मी मशीन लावली. पडदा काळाच राहिला. म्हणून चंद्रभानकडे नेली. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो.

त्याने झाकण काढलं आणि हसला. "काका, हे काय उचलून आणलं गा? आत सारे वायर हातानं जोडले हायेत."

"दुकानातून नवी घेतली आहे."

"नवी असन. पण इकायची नाही. माल काढायच्या आधी कंपनी तपासायले दोन-चार बनवते, त्यातली हाय. ही चिप पाहा, वर पेनानं नंबर टाकला हाय. हेच जळली. बाजारात नाही भेटत अशी."

त्याच्याकडे याच नावाची दुसरी मशीन दुरुस्त होऊन पडली होती. तिच्यावर आमची कॅसेट लावली. मोहरी तडतडल्यासारखा आवाज आला. पडद्यावर काही आलं नाही.

"बाजारात आणताना आतलं बदलवलं असन त्यायनं," तो म्हणाला. "तुमची कॅसेट तुमच्याच मशीनले समजते, काका."

तेव्हा मला खरेदीचा दिवस आठवला. दुकानदार बाबाराव म्हणाले होते, "वहिनी, हा सँपल पीस हाय. दुसरा देतो." शामला रामटेककडच्या धानवाल्यांची मुलगी. म्हणाली, "वानगी कधी खराब राहते का भाऊजी? खराब निघते ते पोत्यातलं. मले हेच द्या." बाजारात दाखवायला मूठभर धान नेतात, ते निवडूनच नेतात. मलाही तिचं पटलं.

मी बाबारावांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मले तरी कुठं मालूम होतं, मधुकरराव? दुकानात मांडायचा सँपल समजलो मी. आता कंपनी वापस मागून राहिली." त्यांनी नवं खोकं माझ्यापुढे ठेवलं. "हे घेऊन जा. पैसे नको. जुनी तेवढी आणून द्या."

"त्यांच्याकडे ती चिप असेल. बसवून देतील?"

"तोडून फेकतील. कंपनीले वहिनीच्या अक्षरायचं काय?"

बोलून गेल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि चहा सांगितला. मी प्यालो.

मुली विचारतात, क्लास कधी सुरू होणार. त्यांच्यातली पुष्पलता म्हणते, "काका, नव्या मशीनवर मी अ पासून परत काढते नं." ती काढेलही. शामलाच्या कागदावर शेवटचा क्ष तेवढा आहे, बाकीची कॅसेटमध्येच. जुनी दिली तर त्या कॅसेटला कुणी उरत नाही.

नवं खोकं मी उघडलेलं नाही, आणि जुनी मशीन परत द्यायची राहिली आहे.