चाळलेला भरडा

विजयमालाबाईंनी मेलेल्या कोंबडीचा पेटा, म्हणजे दाणे दळणारी पोटातली पिशवी, मधोमध चिरला आणि आतून पिसं निघाली. दाणा नाही, खडा नाही, ओल्या पिसांचा गोळाच्या गोळा. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या या डॉक्टरीणबाई फटफटीवरून खास एवढ्यासाठी वस्तीवर आल्या होत्या. खताच्या रिकाम्या पोत्यावर त्यांनी तो गोळा चाकूच्या टोकानं पसरला. शेजारी उकिडवा बसलेला धोंडीराम नुसता बघत राहिला. आठवड्यातली ही नववी कोंबडी होती.

“पिसं कावून खातेत ह्या? दोन टायमाला पोटभर घालतो आमी म्याडम, वरून औषध. उपाशी ठेवलंय व्हय मी ह्यांना?”

“कोंबडीला नाही ठेवलंत. तिच्या पोटातल्यांना ठेवलंय.”

धोंडीरामनं कपाळाला हात लावला. पोटातले कोण आता? तीनशे कोंबड्या सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हे आणखी एक बिऱ्हाड निघालं.

बाईंनी आतडं बाजूला ओढलं. त्याच्या शेवटाला बोटाएवढ्या दोन पिशव्या होत्या, एका टोकाला बंद. “ह्यांच्यात जिवाणू राहतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण कोट्यवधी. भरड्यातला कोंडा कोंबडीला पचत नाही. तो इथपर्यंत येतो आणि ह्यांचं जेवण होतो. हे नीट जेवले की आतड्याचं अस्तर धड राहतं, रोगजंतूंना शिरायला जागा मिळत नाही. आणि हा पेटा. आवळलेल्या मुठीसारखा घट्ट पाहिजे, आणि हा बघा कसा लोंबतोय. त्याला दळायला जाडंभरडं काही मिळतच नाही. मग कोंबडी शोधते काहीतरी. काही नाही सापडलं तर शेजारणीची पिसं उपटून खाते.”

“आन् औषध? दुकानदार म्हणला हगवण थांबंल.”

“त्यानं होते नव्हते ते जिवाणूही मेले. आजपासून बंद करा ते. कोंडा टाकता का भरड्यात?”

आता मात्र धोंडीराम भडकला. “टाकता का म्हंजे? तुमीच लिहून दिलेला कागद भिंतीला डकवलाय. शंभर किलोला बारा किलो कोंडा, वर सूर्यफुलाची पेंड. डोळ्यांदेखत मिसळून घेतो गिरणीत!”

बाई उठल्या, शेडमध्ये गेल्या आणि खाद्याच्या भांड्यातला मूठभर भरडा तळहातावर पसरून त्याच्यासमोर धरला. पिवळाधमक, एकसारखा, शिऱ्याला घ्यावा असा रवा.

“ह्यात कोंडा दाखवा मला.”

धोंडीरामनं बोटानं उकरून पाहिलं. कोंड्याचं एक फोलपट दिसेल तर शपथ.

म्हणजे गिरणीवाल्यानं चुना लावला तर. दुसरं कोण? बाईंची फटफटी वळणाआड जायच्या आत त्यानं आपली काढली आणि घाटनांदूरची वाट धरली. वाटेत त्यानं गिरणीवाल्या रामप्रसादला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की गिरणीत पोचेपर्यंत निम्म्या संपल्या. राग यायला कारणही तसंच होतं. अकरा वर्षं धोंडीराम आणि योगिता, दोघं नवरा-बायको ऊस तोडायला जात होते. लेक राजनंदिनी सहावीत आली, पण दिवाळीनंतरची शाळा तिला कधी धड मिळाली नव्हती. यंदा या कोंबड्यांच्या भरवशावर त्यानं मुकादमाला पहिल्यांदा ‘बघू’ म्हणून सांगितलं होतं. मुकादम हरिबाही कच्चा नव्हता. ‘सोमवारी गाड्या निघत्यात, रविवारी सांजच्याला सांग,’ म्हणाला होता. आज मंगळवार.

रामप्रसादनं सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही, उलट स्टूल पुढं सरकवलं. धोंडीराम बसला नाही.

“तुमच्या समोर कोंडा ओतला. तुमी स्वतः फावडं मारलं,” रामप्रसाद म्हणाला. “घरी न फोडलेलं पोतं हाय ना? फोडून बघा. त्यात कोंडा न्हाई निघाला तर हितं येऊन चारचौघांत माझ्या तोंडावर थुंका.”

घरी येऊन त्यानं पोत्याची शिवण उसवली. वरच कोंडा. मूठ खोल घातली तरी कोंडा. काळी फोलपटं, भरड पेंड, सगळं जिथल्या तिथं. धोंडीराम पोत्यावरच बसला. इतका राग घेऊन माणूस फिरतो आणि तो ठेवायला कुठं जागा सापडत नाही, यासारखा वैताग नाही.

तेवढ्यात घरामागून खसखस आवाज आला.

पत्र्याच्या सावलीत त्याची आई, भिवराबाई, पाय पसरून बसली होती. पुढं लग्नकार्यातली मोठी चाळणी. ती भरड्याच्या फोडलेल्या पोत्यातून ओंजळ ओंजळ चाळणीत घेई, दोन्ही हातांनी झुलवी, रवा खाली पडे आणि वर उरलेला कोंडा ती बाजूला टाकी. तिथं दोन शेळ्या खाली माना घालून तो फस्त करत होत्या. शेळ्या एवढ्या गुबगुबीत कशानं, काय घालता, असं परवाच कुणीतरी विचारलं होतं. अंडी गावात पोचवायचं काम धोंडीरामकडं आल्यापासून, आषाढापासून, कोंबड्यांचं खाणं तिच्याच हातात होतं.

“माय, हे काय करायलीस?”

“चाळायले.” तिनं वर पाहिलं नाही. “तो गिरणीवाला लई कोंडा घालतोय रे. म्या रोज काढते.”

“रोज?”

“मग? सोळा वरसं ऊसतोडीला कोपीत ऱ्हाऊन बिनचाळल्या पिठाची भाकर खाल्ली म्या. पहाटं फडात पळायचं, चाळायला टाइम कुणाला? घशाखाली उतरत न्हवती. तवाच ठरिवलं, आपल्या दारात कुणाला कोंड्यासकट घालायचं न्हाई. ह्या कोंबड्यांच्या जिवावर लेकरू शाळंत जायचंय. त्यांना तरी चांगलं खाऊ दे.”

ती कौतुकानं सांगत होती. आषाढापासूनची पोतीच्या पोती तिनं अशी हातानं चाळली होती, तीही कंबरेचं दुखणं घेऊन. हे सगळं धोंडीरामला समजत होतं. पण सकाळपासून जे तुंबलं होतं, ते तिच्यावरच फुटलं.

“अगं तुज्या चाळण्यानंच मेल्या त्या! लोकाच्या दारात जाऊन भांडून आलो मी, आन् घरात तू बसलीस माझ्या धंद्याला चाळत! तेवढा कोंडाच पाहिजे होता त्यांच्या पोटाला! घे, आता धर कोयता आन् जा ऊस तोडायला!”

भिवराबाईचे हात थांबले.  चाळणीतला कोंडा तिनं परत पोत्यात ओतला, खाली पडलेला रवाही ओतला आणि दोन्ही हातांनी मिसळत राहिली.

संध्याकाळी त्यानं बाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत, हे बरं झालं. “कोंडा परत सुरू करा. लसूणघासाच्या पेंड्या टांगा, चोचीला काम मिळेल. पण एका दिवसात काही होणार नाही धोंडीराम. पेटा घट्ट व्हायला, आतले जिवाणू परत वाढायला वेळ लागतो. तीन आठवडे धरा.”

“तीन आठवडे? म्याडम, माझ्याकडं रविवारपस्तोर टाइम हाय.”

“कोंबडीला रविवार कळत नाही हो,” बाई म्हणाल्या.

मग बाईंनी जे सांगितलं ते सगळं त्यानं केलं. बिनचाळलेला भरडा घातला, घास टांगला, कोंबड्यांखालची ओली गादी काढून कोरडं तूस अंथरलं. दर तासाला आत जाऊन विष्ठा बघत बसला. माणसाला दुसरा धंदा उरला नाही, असं योगिता म्हणाली, आणि तिचं खोटं नव्हतं. बुधवारी एक मेली. शुक्रवारी एक. शनिवारी एकही नाही, पण दोघींच्या पाठीवर ताजं रक्त आलेलं होतं. चार दिवसांत तो आईशी एक शब्द बोलला नाही. पहिल्या दिवशी राग होता. दुसऱ्या दिवसापासून लाज होती, आणि लाजेला तोंड उघडायला रागापेक्षा जास्त वेळ लागतो. भिवराबाई शेडकडं फिरकत नव्हती. शुक्रवारी दुपारी ती कुठंतरी जाऊन आली. कुठं, ते त्यानं विचारलं नाही.

रविवारी दिवस कलताना त्यानं शेडच्या दारात उभं राहून शेवटचं पाहिलं. कोंबड्या घासाच्या पेंड्या ओढत होत्या. एक दुसरीच्या शेपटीमागं लागली होती. सुधारल्यात म्हणावं तर तसं नाही, बिघडल्यात म्हणावं तर तसंही नाही. अशा ‘कदाचित’वर घर चालत नाही. योगिता चुलीपाशी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली. काय ते दोघांनाही कळलं.

त्यानं हरिबाला फोन लावला.

“मुकादम, धोंडीराम बोलतोय. माझा कोयता धरा.”

“आणखी एक?” हरिबा म्हणाला.

“आणखी म्हंजे?”

“तुज्या घरचा अर्धा धरलाय की मी.”

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटं माणूस आलं की अर्धा. धोंडीरामला काही उलगडेना. “कुणाचा अर्धा?”

“भिवराबाईचा. शुक्रवारी घरी आलती. म्या म्हणलं, आत्या, ह्या वयात कुठं? तर म्हणली, पोरानंच सांगितलंय, धर कोयता म्हणून. मोळ्या बांधीन म्हणली, तोडणं झेपलं न्हाई तर. तुला तीन आठवडे कोंबड्यांपाशी बसायचं हाय म्हणं. तेवढं बसू द्या म्हणली त्याला, त्याच्या जागी मी येते.”

धोंडीराम ओट्याच्या कडेवर टेकला. आत भिवराबाई गोधडीची घडी घालत होती. कंबर वाकत नव्हती म्हणून गुडघ्यावर बसून, एका हातानं जमीन धरून.

“धोंडीराम? हायस का?”

“तिचं नाव खोडा.”

“बरं. मग तुमचा जोडीचा लिहितो.”

“आमचं बी लिहू नका. हितनं कुणीच येत न्हाई.”

 हरिबा हसला. “आस्सं! कोंबड्या सुधारल्या म्हणायच्या तुज्या.”

“न्हाई,” धोंडीराम म्हणाला. “अजून न्हाई.”