फायरवॉलवरचं कुंकू

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते हे नूतनला काय ठाऊक नव्हतं? सकाळी तिनेच लॅपटॉपला कुंकू लावलं होतं. पण शिरपूरच्या दवाखान्यात फायरवॉलचीही पूजा होईल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा राखणदार. जळगावात बसून तिने त्याला पढवून ठेवलं होतं: जुन्या कंपनीची लाईन गेली की लगेच दोन नंबरच्या खाचेतली नव्या कंपनीची धरायची. कारण तिच्या शेजारी बसलेले हृदयाचे डॉक्टर शिरपूरच्या पेशंटचे ठोके त्याच लाईनवरून बघत आणि औषध किती सोडायचं ते तिथल्या नर्सला सांगत. आज खाटेवर सुकदेव आबा होते.

जुन्या कंपनीने दुपारी तोडू म्हणून सांगितलेली लाईन सकाळीच तोडली. नवी लागली नाही. पडदा काळा झाला.

"ठोके चुकत होते," डॉक्टर म्हणाले. "बघितल्याशिवाय औषध वाढवताही येत नाही, थांबवताही येत नाही."

 राखणदाराला हाक मारायची नूतनची वाटही त्याच लाईनींवरून जात होती. आपल्या हातून माणूस जाणार, एवढंच तिला सुचत होतं. तिने यंत्राच्या खोलीतल्या सुमनबाईंना फोन लावला. त्या तिथली साफसफाई करत, आणि सुकदेव आबा त्यांचेच पती. फोन साधा बटणांचा, फोटो पाठवायची सोय नाही.

"मावशी, यंत्राला हात लावला का?"

"पूजानी आधी पुसं, ताई. एक वायर निंघनी व्हती. परत खोसी दिधी."

"कितव्या नंबरला खोचली?"

"नंबरवर कुंकू शे."

यंत्र धुळ्याच्या माणसाने बसवलेलं. नूतनने ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आकडे डावीकडून की उजवीकडून, देव जाणे.

"मग पुसा ना ते कुंकू!"

बोलून गेल्यावर आपण कुणाला काय सांगितलं ते तिच्या लक्षात आलं. 

"मना मालक तठे खाटवर शे, ताई. नि मी कुंकू पुसू?"

सण नूतनचाही तोच, कुंकूही तेच. डॉक्टर नर्सला फोनवर पुन्हा पुन्हा नाडी विचारत होते. नूतन नुसती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, आबांसाठी."

मग सुमनबाईंचा आवाज आला. "तीन. बाजूले दोन."

"काढा. दोनमध्ये लावा. टक् वाजेपर्यंत दाबा."

पडद्यावर हिरवी रेघ उगवली. वेडीवाकडी होती, पण चालत होती. डॉक्टरांनी नर्सला औषध वाढवायला सांगितलं, आणि हळूहळू रेघ ताळ्यावर आली. नूतनने फोन अजून कानालाच धरला होता.

"मावशी, मला माफ करा. मी तुम्हाला कुंकू पुसायला लावलं."

"पुसं नई, ताई," सुमनबाई म्हणाल्या. "बोटवर लिधं नि मना कपाळले लायं."